वाटी निखळणे: कोल्हापूरच्या खेळाडूंसाठी चाललेल्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

शाहू स्टेडियमचा फुटबॉल हंगाम रंगात आलाय, पेठापेठांचे संघ रोज सकाळी सरावाला उतरतायत. कामाला हात घालायला हीच वेळ. अस्थिरोगतज्ज्ञ सर, आम्ही दोघी फिजिओ आणि एक क्रीडाशिक्षक एवढेच आहोत. काम असं ठरलं: गुडघ्याची वाटी निखळलेला खेळाडू मैदानावरच ओळखता यावा, पहिल्या तासाभरात कुणाच्या हातून इजा वाढू नये आणि पहिल्याच वेळी त्याची पूर्ण तपासणी व्हावी.

पहिल्या वेळेवर माझा सगळा भर आहे. त्यामागे अमेरिकेतल्या फिथियन आणि सहकाऱ्यांचा २००४ साली छापलेला अभ्यास आहे. पहिल्यांदा वाटी निखळलेल्यांपैकी १७ टक्क्यांची ती पुढच्या दोन ते पाच वर्षांत पुन्हा निखळली. ज्यांना आधीपासून हा त्रास होता त्यांच्यात हाच आकडा ४९ टक्के. धोका सर्वांत जास्त १० ते १७ वयात, त्यातही मुलींना. आपल्याकडे या वयाची मुलं-मुली खो-खो, कबड्डी, फुटबॉल आणि कुस्ती चारही खेळतात, आणि पहिल्या वेळी क्रेप बँडेज बांधून आठवडाभर घरी बसतात. सूज उतरली की पुन्हा मैदानात.

९ जानेवारी

तालमींना आणि शाळांना सांगायचा भाग आज लिहून काढला.

वाटी म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत (टेंडनमध्ये) बसलेलं हाड. पाय सरळ असतो तेव्हा ती मांडीच्या हाडावरच्या खोबणीच्या वर, बरीचशी मोकळी असते. गुडघा साधारण २० ते ३० अंश वाकला की खोबणीत शिरते आणि मग पक्की बसते. तोपर्यंत तिला बाहेर जाऊ न देण्याचं मुख्य काम आतल्या बाजूचा एक पातळ अस्थिबंध (लिगामेंट) करतो. सर त्याला एमपीएफएल म्हणतात, आम्हीही तेच म्हणणार. वाटी पहिल्यांदा बाहेर जाते तेव्हा हा अस्थिबंध जवळजवळ प्रत्येक वेळी फाटतो किंवा ताणून सैल पडतो.

जाते ती बहुतेक नेहमी बाहेरच्या बाजूला. पाऊल जमिनीत रोवलेलं, गुडघा जेमतेम वाकलेला, आणि त्याच क्षणी मांडी आत वळते. स्नायूची ओढ मुळातच थोडी बाहेरच्या दिशेला असते, पीळ पडला की ती आणखी वाढते. कुणाचा धक्का लागायलाच हवा असं नाही. स्टडचे बूट गवतात रुतलेला विंगर, खांबाजवळ झटक्यात वळणारी खो-खोची मुलगी, चढाईवर एका पायावर फिरलेला कबड्डीपटू. प्रत्येकाच्या गुडघ्यात तेच घडतं.

१७ जानेवारी

तालमीत गेलो. आखाड्यापासून जरा बाजूला कट्ट्यावर बसून वस्तादांशी तासभर बोलणं झालं. आजवरच्या कामातला हा तास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

वस्ताद म्हणाले, "ताई, हजार बैठका मारणाऱ्याची वाटी कशी सरकंल? ह्या पोरांच्या मांड्या बघा की."

मांड्यांबद्दल ते बरोबरच आहेत. ताकदवान मांडी वाटीला सांभाळते, आमच्या उपचाराचा कणाही तोच. पण फाटलेला एमपीएफएल बैठकांनी शिवला जात नाही. दुसरं असं की पूर्ण बैठकीत वाटी खोबणीत घट्ट दाबलेली असते, तिथून ती सहसा सुटत नाही. सुटते ती जवळजवळ सरळ पायावर. हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे पट काढायला खाली वाकल्यावर न्हाई. उभ्यानं टांग लागल्यावर एका पायावर फिरताना."

अगदी तेच. पट आणि टांग हे कुस्तीतले डाव. त्यांनी लगेच दोन पोरांना समोर उभं केलं आणि कुठल्या डावात कुठला पाय रोवलेला राहतो हे एकेक करून दाखवलं. आमच्या पुस्तकात फुटबॉल आणि बास्केटबॉल सापडतो, लाल मातीतली टांग सापडत नाही. सगळं वहीत उतरवून घेतलंय.

एका गोष्टीवर मात्र एकमत झालं नाही. सूज बैठकीनंच उतरते असं त्यांचं मत. पण सांध्यात रक्त साचलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा इशाराच मंदावतो. पोरगं कितीही जिद्दीचं असो, तो स्नायू पुरा आवळला जात नाही. मग बैठक होते ती सगळी दुसऱ्या पायाच्या जोरावर. दुखरी मांडी दोन आठवड्यांत बारीक होते आणि गुडघा आणखी कमजोर होतो. शिवाय गुडघा जितका खोल वाकेल तितका वाटीमागच्या कूर्चेवर, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत आवरणावर, दाब वाढतो, आणि या इजेत नेमकी तीच कूर्चा सोललेली असू शकते. वस्तादांनी ऐकून घेतलं, मान डोलावली नाही. पुन्हा जायचं.

१८ जानेवारी

क्रीडाशिक्षकांनी शाळांची यादी केली. मुलींच्या खो-खो संघांपासून सुरुवात.

२ फेब्रुवारी

फुटबॉलच्या सराव सामन्यात एकोणीस वर्षांचा उजव्या बगलेचा खेळाडू (विंगर) पडला. चेंडू आत घ्यायला वळला, जवळपास कुणी नव्हतं. आम्ही पोचेपर्यंत पाय सरळ, वाटी जागेवर. भोवती जमलेले सगळे एकच म्हणत होते, लिगामेंट गेलं.

अशी गफलत होणं साहजिक आहे. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा पुढचा क्रुशिएट अस्थिबंध फाटतो तेव्हाही खेळाडू असाच वळताना पडतो, आतून टक्कन आवाज येतो आणि दोन-चार तासांत गुडघा रक्तानं भरतो. खेळाडूला विचारलं तर दोन्ही वेळी तो हेच सांगतो की गुडघा बाहेर गेला. बऱ्याचदा पाय सरळ करताच वाटी आपोआप आत बसते, मग डॉक्टरांसमोर येतो तो फक्त सुजलेला गुडघा.

आज निदान झालं ते त्याच्याच संघातल्या लेफ्ट बॅकमुळे. "मी बघितलं ओ. वाटी पार बाजूला गेलती. त्यानं पाय सरळ केला आन आत बसली." दुसऱ्या एका मुलानं कठड्यावरून मोबाइलवर सामना टिपला होता. चित्र थांबवून पाहिलं: गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला उंचवटा, समोर जिथं वाटी असते तिथं खोलगट जागा. दोन सेकंदही नाहीत, पण शंका उरली नाही. क्लिप जपून ठेवायला सांगितली, सरांना पाठवली.

आपल्या नोंदपत्रात पहिला रकाना हाच हवा: वाटी बाहेर गेलेली कुणी पाहिली का? कुठल्या बाजूला? पाय सरळ करताना आत गेली का? हे मैदानावरच लिहून खेळाडूच्या हातात द्यायचं. संध्याकाळी इस्पितळात त्याच्यासोबत घरची माणसं येतात, आणि पाहणारा लेफ्ट बॅक आपल्या घरी असतो.

५ फेब्रुवारी

बगलेच्या खेळाडूची तपासणी. गुडघा तुडुंब, वाटीच्या आतल्या कडेला बोट लावलं तरी दुखतं. क्रुशिएटची चाचणी घेतली, आतून पक्की ओढ लागते. वाटी बाहेर ढकलून खेळाडू दचकतो का हे पाहायची चाचणी ताज्या इजेत जोर लावून करायची नाही. हलकासा स्पर्श होताच त्यानं माझं मनगट धरलं, तेवढं पुरे.

एक्स-रे तीन: समोरून, बाजूनं आणि गुडघा वाकवून वरून घेतलेला, ज्याला स्कायलाइन म्हणतात. हा तिसरा बऱ्याच ठिकाणी घेतलाच जात नाही. वाटी खोबणीत मध्यावर आहे की कललेली, तिच्या आतल्या कडेचा टवका उडालाय का, हे त्यातच नीट दिसतं. एका खेळाडूचे जुने एक्स-रे याच आठवड्यात पाहिले, त्यात दोनच चित्रं होती आणि अहवालात "हाड ठीक". त्या मुलाचा गुडघा अजून अडकतो.

एमआरआयमध्ये अपेक्षित जोडी दिसली: वाटीच्या आतल्या अंगावर मुका मार, आणि मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्यावर दुसरा. आत परतताना वाटी या गोळ्यावर आपटते, म्हणून ही दोन डागांची जोडी म्हणजे वाटी बाहेर जाऊन आल्याचा पुरावाच. एमपीएफएल वाटीजवळ फाटलेला. क्रुशिएट शाबूत. सुटलेला तुकडा नाही.

वडील म्हणाले, "सर, एकदाच ऑपरेशन करून टाका, म्हंजे निकाल लागंल." सरांनी शांतपणे समजावलं. पहिली वेळ, कूर्चेचा सुटा तुकडा नाही, वाटी मध्यावर बसलेली, अशा वेळी बहुतेकांवर आधी शस्त्रक्रियेविना उपचार होतात. हाडासकट कूर्चेचा मोठा तुकडा सांध्यात फिरत असता तर गोष्ट वेगळी होती, तो परत बसवायला किंवा काढायला लवकर आत जावं लागतं. मुलाची खोबण उथळ आहे का, वाटी वर चढलेली आहे का, हे मोजून ठेवलंय. दोन्ही जवळपास ठीक.

ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा) थोडेच दिवस, कुबड्या घेऊन झेपेल तेवढं वजन, आणि आजपासूनच मांडी आवळायचा व्यायाम. महिना-दीड महिना प्लास्टर घालायची जुनी रीत आम्ही टाळतो; गुडघा आखडतो आणि मांडी वाळते.

१४ फेब्रुवारी

मैदानावर लावायच्या फलकाचा मजकूर. सगळ्यांत जास्त चर्चा एकाच प्रश्नावर झाली: वाटी बाहेर दिसतेय, पोरगं ओरडतंय, तर बसवायची की नाही?

शिकलेला माणूस करतो ते असं. खेळाडूला टेकवून बसवायचं, मांडी थोडी उचललेली ठेवायची म्हणजे पुढचा स्नायू सैल होतो, मग पाय हळूहळू सरळ करत वाटीच्या बाहेरच्या कडेला आतल्या दिशेनं हलका दाब. बहुतेक वेळा पाय सरळ होता होता ती आपली आपण बसते. जोर लावायचाच नाही. वाटी अडतेय असं वाटलं तर तिथंच थांबायचं. फलकावर मात्र आम्ही हे लिहिलं नाही. तिथं लिहिलं: पाय आहे तसा उशीनं, जॅकेटनं आधार देऊन स्थिर करा, बर्फ कपड्यात गुंडाळून ठेवा आणि इस्पितळात न्या. बसवायची रीत आम्ही ठरावीक लोकांना समोर बसवूनच शिकवू.

कारण दुसरी एक इजा. वाटी जागेवर, पण नडगी आणि मांडीचं हाडच एकमेकांपासून सरकलंय, अख्खा गुडघा वेडावाकडा दिसतोय. तो सांधा निखळलेला असतो आणि त्यात गुडघ्यामागची मुख्य रक्तवाहिनी चिरडू शकते. पाऊल गार पडतंय का, पांढरं पडतंय का, पायाच्या पाठीवर नाडी लागतेय का हे पाहून मिनिटभरही न दवडता मोठ्या इस्पितळात. पाय वाचायला काही तासच असतात. फलकावर ही ओळ लाल रंगात.

दुपारी एका हाडवैद्यांना भेटले. पेठेतले फुटबॉलवाले तीन पिढ्या त्यांच्याकडे जातात, त्यांना टाळून हे काम होणार नाही. वाटी कशी बसवता विचारलं तर त्यांनी पाय सरळ करूनच दाखवली, झटका नाही. हात फार हलका आहे. त्यांना दोनच विनंत्या केल्या: बसवल्यावर मालिश आणि शेक नको, ताज्या रक्तस्रावात त्यानं सूज वाढते, आणि प्रत्येकाला एक्स-रेला पाठवायचं. त्यांनी नोंदपत्रांचा गठ्ठा मागून घेतला.

२१ फेब्रुवारी

स्प्लिंट, क्रेप बँडेज, बर्फाचे डबे आले. स्टेडियमवर आणि दोन तालमींत पोचवले.

८ मार्च

क्रीडाशिक्षकांनी चौदा वर्षांची खो-खोची मुलगी पाठवली. डावी वाटी तिसऱ्यांदा निखळली. या वेळी खेळताना नाही, जिन्यावरून उतरताना वळली तेव्हा. आधीच्या दोन्ही वेळी विश्रांती आणि पट्टी, व्यायाम कुणी शिकवलेच नाहीत.

पलंगाच्या कडेवर बसवून पाय सरळ करायला सांगितला. शेवटच्या टप्प्यात वाटी एकदम बाहेर सरकली, वर जाता जाता आकडा काढावा तशी वळली. अंगठा मनगटाला टेकतो, कोपरं उलटी वाकतात, गुडघेही, उभ्यानं वाकली तर तळवे जमिनीला. सांध्यांच्या लवचिकपणाच्या बायटन मोजणीत ९ पैकी ७. हीच लवचीकता तिला खो-खोत चपळ बनवते, म्हणून सांगताना मी जपून बोलले. तिच्या अंगात खोट आहे असं तिला वाटायला नको.

एक्स-रेवर वाटी वर चढलेली. खालच्या कंडरेची लांबी भागिले वाटीची लांबी हे गुणोत्तर इन्सॉल आणि साल्वाती यांनी १९७१ मध्ये मांडलं; १.२ च्या पुढे गेलं की वाटी उंचावर धरायची. हिचं १.४. म्हणजे गुडघा जास्त वाकल्याशिवाय वाटी खोबणीत शिरतच नाही, निसटायला मोकळा टापू मोठा. त्यात खोबणही उथळ आहे. फ्रान्समधल्या लिऑं शहरात आंरी देजूर यांनी या उथळपणाचे प्रकार पाडून ठेवले, सर त्यावरूनच बोलतात.

आई विचारत होती, "पोरगीचा खेळ बंद करायचा का कायमचा?" मुलगीच मध्ये बोलली, "मी खेळतो की! तुम्ही व्यायाम सांगा, मी करतो."

खेळ कायमचा बंद करायची गरज नाही, हे मी दोघींना स्पष्ट सांगितलं. पण हिला नुसते व्यायाम पुरणार नाहीत. तीन वेळा निखळलेली, हाडांची ठेवण अशी, आणि आता जिन्यावर. सरांच्या बैठकीत ठेवायची.

१५ मार्च

बगलेचा खेळाडू: सूज जवळजवळ गेली, गुडघा पूर्ण वाकतो. वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर मांडीचा घेर उजवीकडे अजून कमी. अर्ध्या बैठका, पायरीवरून सावकाश उतरणं, एका पायावर तोल. खुब्याच्या बाजूच्या स्नायूंवर मी जास्त वेळ घालवतेय. खुबा कमजोर असला की उडीनंतर टेकताना गुडघा आत पडतो आणि वाटीला बाहेरची वाट मिळते. आरशासमोर उभं केल्यावर त्यालाच ते दिसलं.

११ एप्रिल

जत्रांचा हंगाम. जोतिबाची चैत्र यात्रा, गावोगावची कुस्ती मैदानं. फेब्रुवारीच्या शेवटी वाटी निखळलेला मल्ल (पहिलीच वेळ, उपचार शस्त्रक्रियेविना) आज वस्तादांबरोबर आला. त्याच्याच गावच्या जत्रेत जोड लागलीय. गुडघा दुखत नाही म्हणतो.

दुखणं थांबणं ही कसोटी नव्हे. सूज अजिबात नको, गुडघा दुसऱ्याइतका वाकायला आणि सरळ व्हायला हवा, मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी, एका पायावरची उडी दोन्हीकडे जवळपास सारखी हवी, आणि वळताना मनात धास्ती नको. याला बहुधा तीन ते चार महिने लागतात. याच्या मांडीची ताकद ७० टक्क्यांच्या आसपास. एका पायावर उडी मारून टेकताना गुडघा थरथरला, ते वस्तादांनी माझ्या आधी पाहिलं.

ते त्याला म्हणाले, "यंदा मैदान न्हाई. मी बोलतो गावात." मग मला विचारलं, "अर्धी बैठक कुठवर, ते सांगा." मी भिंतीला पाठ लावून साधारण ४५ अंशांची खूण दाखवली. त्यांनी जाताना माझ्याकडून खडू मागून घेतला, तालमीच्या भिंतीवर रेघ मारायला.

जानेवारीत अडलेली गोष्ट पुढे सरकली. मला फार बरं वाटलं.

३ मे

मुलीबद्दल बैठक. एमपीएफएल नव्यानं बांधायचा, तिच्याच मांडीमागची एक बारीक कंडरा वापरून. अडचण वयाची. मांडीच्या हाडाची वाढीची पट्टी अजून उघडी आहे आणि अस्थिबंधाची जागा तिच्या अगदी लगत. कंडरा बसवायचं छिद्र पट्टीच्या खालून, एक्स-रे यंत्राखाली पाहत पाहत घ्यावं लागेल. वाटी खाली आणायला नडगीवरचा उंचवटा कापून सरकवतात, ते आत्ता करायचं नाही. वाढ पुरी होण्याआधी तिथं हात लावला तर नडगीची वाढ वाकडी होऊ शकते. बाहेरची बाजू नुसती सैल करायची जुनी शस्त्रक्रिया एकटीनं वाटीला स्थिर करत नाही, ती सरांनी आधीच बाजूला ठेवली.

आईला कागदावर लिहून दिलं: शाळेच्या सुट्टीत शस्त्रक्रिया, शाळा सुरू होताना कुबड्या सुटलेल्या असाव्यात, खो-खो किमान सहा महिने नाही. आणि सहा महिने झाले म्हणून नाही, चाचण्या पार पडल्या तरच.

२४ मे

बगलेचा खेळाडू: ताकद ९२ टक्के, उड्या सारख्या, सूज नाही. तरी त्याच जागी, त्याच बाजूला वळायला सांगितलं की पाय आखडता घेतो. शरीर तयार आहे, भरवसा अजून नाही. म्हणून सामना लगेच नको. आधी एकट्यानं वळणं, मग चेंडूसह, मग समोर एकच बचावपटू, तोही ओळखीचा. तो लेफ्ट बॅक स्वतःहून यायला तयार झाला.

मुलीची शस्त्रक्रिया गेल्या आठवड्यात नीट पार पडली.

१३ जून

पाऊस लागला, मैदानं बंद. फलक दुसऱ्यांदा छापायला दिला. त्यात एक ओळ वाढवली: "वाटी बसली तरी एक्स-रे काढायचाच, तीन बाजूंनी." मोबाइलवर टिपलेलं चित्र जपून ठेवा, हेही आता फलकावर आहे.

परत आलेली नोंदपत्रं चाळली. हाडवैद्यांकडून आलेली सर्वांत नीट भरलेली आहेत, आणि त्यातल्या एका मुलाच्या एक्स-रेत सुटा तुकडा सापडला. त्याला सरांनी तातडीनं घेतलं.

मुलगी ९० अंशांपर्यंत वाकवते, पाय सरळ उचलताना टाच मागे पडत नाही. पुढच्या आठवड्यात एका कुबडीवर. शालेय स्पर्धांआधी खो-खो आणि कबड्डीच्या शिक्षकांचं शिबिर घ्यायचंय. खांबाजवळच्या वळणाचा सराव कसा बदलायचा ते तिथं दाखवायचं. तालमीतल्या वस्तादांना टांगेचा भाग शिकवायला बोलावलंय, येतो म्हणालेत.